व्हॅन गॉगचे एकमेव एचिंग : तारीख एक, नोंद दुसरी

रेघोटी
व्हॅन गॉगवर अखेरच्या दिवसांत उपचार करणाऱ्या, तोंडात पाइप धरलेल्या डॉ. गाशे यांचे त्याने १८९० साली केलेले एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर रेषा काढून छापलेले चित्र) मी दोन संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पाहिले. एकीकडे ते काळ्या शाईत आहे, तर दुसरीकडे तांबूस. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात १५ मे अशी तारीख कोरलेली दिसते, नोंदीत मात्र जून आहे. याचा उलगडा कुणी करू शकेल काय?

ताम्रपट
तारखेचे आधी सांगतो. १५ मे रोजी व्हॅन गॉग अजून दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या रुग्णालयातच होता; पॅरिसमार्गे तो गाशे यांच्या ओव्हेर गावी पोहोचला २० मे रोजी, आणि गाशे यांची त्याची ओळख झाली ती त्यानंतर. म्हणून कोरताना महिना चुकला असावा, असे धरून अभ्यासक जूनकडे झुकतात.

रंगांचे कारण गाशे यांच्या घरात आहे. ते स्वतः पॉल व्हान रिसेल या नावाने चित्रे काढत आणि त्यांच्याकडे छपाईचा प्रेसही होता. मेणाचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेषा काढायच्या, ॲसिडने त्या खोल करून घ्यायच्या, रेषांत शाई भरून वरची पुसायची आणि ओलसर कागदासह पत्रा प्रेसमधून काढायचा; त्यामुळे दर ठशाला शाई नव्याने लावावी लागते आणि ती कोणत्या रंगाची, किती पुसायची, हे छापणाऱ्याच्या मर्जीवर असते. काही ठसे व्हॅन गॉगच्या मृत्यूनंतर गाशे यांच्या मुलानेही काढले.

शाईचा डाग
थोडी भर घालतो. व्हॅन गॉगने लिथोग्राफ (दगडावरून छापलेली चित्रे) नऊ केले, एचिंग मात्र हे एकच. त्याच्या हाताला हे माध्यम नवखे होते आणि ते दिसतेही, पण मला तेच आवडते. त्याचा भाऊ थिओ यानेही पत्रात, यात तंत्राची नजाकत नसली तरी हे चित्रकाराचे खरे एचिंग आहे, अशा अर्थाचे लिहिले होते. दक्षिणेतल्या चित्रांवरूनही अशी एचिंग करण्याचा व्हॅन गॉगचा बेत होता. २९ जुलैला तो गेला.

रेघोटी
मनःपूर्वक आभार. तांबूस ठशाच्या कागदावर मांजराच्या तोंडाचा एक लहान शिक्काही आहे. तो कुणाचा?

ताम्रपट
तो गाशे यांच्या संग्रहाचा. म्हणजे तो कागद त्यांच्या घरातूनच बाहेर पडलेला आहे.