पाती गंजतात ती नुसत्या पावसाने नाही

हेज ट्रिमरची (कुंपणाची झुडपं छाटायचं पेट्रोलवरचं यंत्र) पाती दर पावसाळ्यानंतर गंजून बदलावी लागतात असं एकाने म्हटलंय, म्हणून लिहितो. आमचं घर म्हापशाजवळ, वई (कुंपण) जास्वंद-क्रोटनची. खरा शत्रू झाडांचा चीक. तो पात्यांवर सुकतो आणि ओल धरून ठेवतो. काम झालं की स्पार्क प्लगची कॅप काढून (म्हणजे इंजिन चुकून सुरू होणार नाही) पाती डिझेलच्या फडक्याने पुसा, मग पातळ मशीन ऑइलचा हात फिरवा. खोबरेल नको, चिकट होऊन बसतं (बाबांचा प्रयोग!). यंत्र महिनाभर पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल ओढतं. ऑगस्टमध्ये मेकॅनिकने माझ्या यंत्राचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडला, तर आत हिरवट बुळबुळीत थर.