नगरपरिषदेची चाळ, सरकारी क्वार्टर, म्हाडाचं घर: राहिलेल्यांनी अनुभव सांगा

बाबा येत्या मे महिन्यात नगरपरिषदेच्या नोकरीतून निवृत्त होतायत. म्हणजे बाजारपेठेमागच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्या सोडायच्या. माझा जन्म तिथलाच. शाळा, दवाखाना, मच्छीमार्केट, एस. टी. स्टँड, सगळं पायी. अगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायची बेगमी पलंगाखालच्या डब्यांत आणि पावसाळ्यात त्याच पलंगावर गळतीखाली पातेली. आईने तुळस कधी जमिनीत लावली नाही, तेलाच्या डब्यातच ठेवली. उठवलं तर उचलून नेता येईल म्हणून.

गावच्या घराच्या उताऱ्यावर अकरा नावं आहेत. म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरावा असं मला वाटतं, पण बाबांचं मन होत नाही. तुम्ही अशा घरांत राहिला असाल तर चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

चिपळूण

आम्ही नऊ वर्षं सरकारी वसाहतीत, तळमजल्यावर होतो. भाडं पगारातून कापलं जायचं, ते बाहेरच्या मानाने नगण्य. मुलं चालत शाळेत जायची. २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही चढल्या. दार उघडलं तेव्हा पाणी गुडघ्याला होतं, सासूबाईंना उठवेपर्यंत कमरेला आलं. वीज गेलेली. वरच्या मजल्यावरच्या बाईंशी जिन्यातल्या चपलांवरून आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. त्याच बाई हातात बॅटरी घेऊन खाली आल्या आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना वर घेऊन गेल्या. त्यांच्या दोन खोल्यांत तीन बिऱ्हाडं, चौदा माणसं, दोन रात्री. सिलिंडर पुरवायचा म्हणून फक्त पेज आणि लोणचं.

पाणी उतरलं तेव्हा घरात वीतभर चिखल. माझी बी. एड.ची गुणपत्रिका अजून तपकिरी आहे. सामानाचा पंचनामा झाला, पण भिंती सरकारच्या. गिलावा कोणी करायचा याचं पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं, शेवटी आम्हीच गवंडी लावला. परक्या भिंतीवर केलेला तो खर्च आजही मनाला लागतो. आणि त्या बाईंसारखा शेजार पुन्हा मिळाला नाही, हेही तितकंच खरं. चिपळुणात घर घेत असाल तर तळमजला घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

रत्नागिरी

म्हाडाच्या इमारतीत बावीस वर्षं राहतोय. अर्ज भरणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी: सोसायटी होऊन इमारत हस्तांतरित झाली की दुरुस्ती रहिवाशांची. आमच्याकडे काही जण कितीतरी वर्षं तक्रारअर्जच लिहीत बसले. तोवर खाऱ्या वाऱ्याने सज्जाच्या सळया गंजल्या, फुगल्या आणि काँक्रीटचे पोपडे पडायला लागले. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सपाट गच्ची त्यापुढे टिकत नाही. चोवीस बिऱ्हाडांनी प्रत्येकी अठरा हजार काढून वर पत्र्याची शेड घातली. सात जणांकडून पैसे काढताना सेक्रेटरीचं रक्त आटलं. पण गळती थांबली, आणि आता गणपतीतली भजनं शेडखाली होतात.

वेंगुर्ला

गावचं घर सोडून इमारतीत राहायला आल्यावर सासूबाई पहिला महिनाभर म्हणायच्या, "माका हय झोप येणा नाय." खळं म्हणजे अंगण नाही, विहीर नाही, सुके बांगडे भाजले की शेजारी खिडक्या लावून घेणार. सासूबाईंचं चुकत नव्हतं. आता गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर दवाखाना दहा मिनिटांवर आहे म्हणून त्या स्वतःच गावी जायला तयार नाहीत.

देवगड (आधी वरळी)

माझं लहानपण बीडीडी चाळीत गेलं. १६० चौरस फुटांची खोली, संडास मजल्याच्या टोकाला, सकाळी बादली घेऊन रांग. आमच्या मजल्यावर एक गावकीची खोली होती. गावातून नोकरीला आलेली मुलं तिथे उतरायची, पाळीपाळीने झोपायची. दिवसपाळीचा उठला की त्याच चटईवर रात्रपाळीचा आडवा. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतरच्या वर्षांत या मजल्याने एकमेकांना उपाशी झोपू दिलं नाही. वाण्याचं खातं बंद झालं तेव्हा शेजारच्या काकूंनी स्वतःच्या रेशनमधून आम्हाला तांदूळ दिले.

पुनर्विकासात तिथल्या भाडेकरूंना ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतंय. ते मिळायलाच हवं होतं. टोकाच्या संडासाकडे रात्री एकट्याने जायला आईला वाटणारी भीती मी विसरलेलो नाही. त्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा बायकांना विचारावं.

दापोली

म्हाडाच्या अर्जाबद्दल: राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवणारा अधिवास दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा आत्ताच काढून ठेवा, सोडत निघाल्यावर सेतूत गर्दी होते. उत्पन्नगट नवरा-बायकोच्या मिळून उत्पन्नावर ठरतो. सोडतीत न गेलेली घरं म्हाडाचं कोकण मंडळ 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' तत्त्वावरही विकतं, तिकडे लक्ष ठेवा. घर पाच वर्षं विकता येत नाही, हे आधी धरून चाला.

मालवण

तुमचे बाबा सफाई कामगार असतील तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजनेची चौकशी निवृत्तीच्या आधी करा. दीर्घ सेवा झालेल्यांना मालकीचं घर देण्यासाठी ती योजना आहे. माझ्या काकांची सेवा पुरी झालेली होती, पण त्यांना कोणी सांगितलंच नाही. क्वार्टरची किल्ली देऊन ते भाड्याच्या खोलीत गेले आणि तिथेच वारले. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पोचेची झेरॉक्स घरात ठेवा.

धागाकर्ती

मालवणच्या प्रतिसादाबद्दल फार आभारी आहे. बाबा सफाई खात्यातच आहेत, सेवा अठ्ठावीस वर्षं. आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं. सोमवारी अर्ज लिहून दोघं एकत्र जातोय. आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. तिने एवढंच विचारलं, वरच्या मजल्यावर तुळशीला ऊन किती वेळ मिळतं. पूर्वेच्या सज्जाचं घर असलेल्या कोणी सांगाल का?