मदत हवी आहे: आईसोबत शिआन (चीन), ह्युएन त्संगची समाधी आणि जुनी बौद्ध मंदिरं

नमस्कार मंडळी,

आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. आंबेडकर जयंती झाली की आईला घेऊन चीनमधल्या शिआनला जायचं ठरतंय, १ मेच्या आत परत यायचं आहे. तिथे राहिलेल्या किंवा जाऊन आलेल्या कुणाची मदत हवी आहे.

शिआनच का, ते आधी सांगते. आई नेमाने विहारात जाते आणि अजिंठा तिला पाठ आहे. ह्युएन त्संगने सातव्या शतकात महाराष्ट्राबद्दल लिहिलं, त्यात चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यासोबत पूर्व सीमेवरच्या डोंगरात कोरलेल्या एका संघारामाचंही, म्हणजे बौद्ध मठाचंही वर्णन आहे. तो अचल नावाच्या अर्हताने उभारला आणि दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, असं तो सांगतो. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचं नाव आहे आणि १६ व्या लेण्याच्या वाटेवरचे हत्ती आपण सगळ्यांनी पाहिलेत. तो स्वतः अजिंठ्याला पोचला की ऐकीव माहितीवर लिहिलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आईला मात्र त्या माणसाबद्दल फार जिव्हाळा आहे. एवढ्या लांबून आपल्या मुलखात येऊन इथलं लिहून ठेवलं, त्याच्या समाधीवर एकदा फूल वाहायचं, असं ती कितीतरी वर्षं म्हणतेय.

तो ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला, तेव्हा शिआनचं नाव छांगआन होतं. ग्रंथ ठेवायला ६५२ मध्ये त्स-अन मंदिरात पॅगोडा बांधला, तोच आजचा मोठा हंस पॅगोडा. ६६४ मध्ये तो वारला आणि ६६९ मध्ये त्याच्या अस्थी शहराच्या दक्षिणेला, आताच्या शिंगच्याओ मंदिराच्या जागी हलवल्या. अडचण अशी, की टूरवाल्यांनी पाठवलेल्या कार्यक्रमांत मातीचे सैनिक आहेत, तटबंदी आहे, पॅगोडासमोरची कारंजी आहेत, पण समाधी कुठेच नाही. म्हणून आपलं आपणच जायचं ठरवलंय.

शिंगच्याओला भाषा येत नसताना कसं जावं? आईचे गुडघे दुखतात, मोठ्या पॅगोडावर चढणं तिला झेपेल का? मंदिरात बसून पाली त्रिशरण-पंचशील म्हटलं तर चालतं का, की तिथल्या लोकांना ते खटकेल? ती मांस-मासे काही खात नाही, अंडंही नाही. आणि लोयांगचं श्वेताश्व मंदिर एका दिवसात होईल का, की तो मोह सोडावा?

प्रतिसाद १

ताई, मी शिआनमध्ये शिकायला होतो. काकूंची इच्छा वाचून खूप बरं वाटलं, जमेल तेवढं सविस्तर लिहितो.

पहिला दिवस मेट्रोच्या ३ नंबर लाइनवर काढा. शियाओचाय स्टेशनला उतरलात की जवळच ताशिंगशान मंदिर आहे. आठव्या शतकात अमोघवज्र या भिक्खूने इथेच राहून मंत्रयानाचे, म्हणजे मंत्र-साधनेवर भर देणाऱ्या बौद्ध पंथाचे ग्रंथ चिनीत आणले. शहराच्या ऐन गर्दीत असूनही आत शांत असतं, शिआनमधलं माझं सगळ्यात आवडतं मंदिर हेच. पुढचंच स्टेशन तायानथा, म्हणजे मोठा पॅगोडा. मंदिराचं तिकीट वेगळं आणि पॅगोडावर चढायचं वेगळं. सात मजले आहेत आणि आतला जिना अरुंद आणि उभा, तेव्हा काकूंना वर नेऊ नका. त्याने काही बिघडत नाही, बघण्यासारखं खालीच जास्त आहे. दक्षिणेच्या दाराच्या दोन्ही बाजूंना ६५३ चे दोन शिलालेख आहेत. ह्युएन त्संगने केलेल्या भाषांतरांसाठी एका सम्राटाने प्रस्तावना लिहिली आणि युवराजाने तिला पुरवणी जोडली, ते मजकूर त्यांवर कोरलेत. चू स्वेलिआंग या नामांकित सुलेखनकाराचं अक्षर आहे, काचेआडून दिसतं. मागच्या आवारात ह्युएन त्संगच्या आयुष्यावरची दालनंही आहेत, तिथे निवांत बसता येतं.

अंगात त्राण उरलं तर त्याच लाइनवर दोन स्टेशनं पुढे छिंगलोंग मंदिर आहे. जपानचा भिक्खू कूकाई ८०४ ते ८०६ च्या प्रवासात इथे हुइकुओ या गुरूकडे शिकला. इमारती मात्र अलीकडच्या आहेत, त्यामुळे वेळ कमी पडला तर हेच गाळा.

आता शिंगच्याओ. शहरापासून साधारण २० किलोमीटर, एका पठाराच्या कडेला. मेट्रो-बसच्या भानगडीत पडू नका, फोनवरून टॅक्सी बोलवा. हॉटेलवाल्यांकडून मंदिराचं नाव चिनीत लिहून घ्या, परतीसाठी हॉटेलचं नावही. आत विटांचे तीन पॅगोडे दिसतील. मधला उंच, पाच मजली, तो ह्युएन त्संगचा. दोन्ही बाजूंचे लहान त्याच्या शिष्यांचे, एक ख्वेची आणि दुसरा कोरियातून आलेला वोनचुक. एकोणिसाव्या शतकात मंदिर जळालं तेव्हा हे तीनच वाचले. २०१३ मध्ये जागतिक वारशाच्या प्रस्तावापायी तिथल्या काही इमारती पाडायचं घाटत होतं, पण चिनी लोकांनीच जोरदार विरोध केला आणि मंदिर राहिलं. २०१४ मध्ये रेशीम मार्गासोबत ते जागतिक वारशाच्या यादीतही आलं. सकाळी लवकर जा आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. इतकी वर्षं मनात धरलेली जागा आहे, काकूंना तिथे घाई वाटता कामा नये.

वंदनेबद्दल निर्धास्त राहा. हळू आवाजात म्हटलेलं कुणालाही खटकणार नाही. फक्त उंबऱ्यावर पाय देऊ नका, बाजूच्या दाराने आत जा आणि गाभाऱ्यात मूर्तींचे फोटो काढू नका.

प्रतिसाद २

लोयांगचा मोह सोडू नका असं मी म्हणेन, पण एका दिवसात दोन्ही नको. जलद गाडीने शिआन नॉर्थ ते लोयांग लोंगमन दोन तासांच्या आत पोचता, तरी लोंगमनच्या लेण्या आणि श्वेताश्व मंदिर एकत्र केलं तर आईंचे हाल होतील. एक रात्र मुक्काम करा.

श्वेताश्व मंदिर परंपरेने इ. स. ६८ चं मानतात. काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे भारतातून आलेले भिक्खू तिथे राहिले, दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. याच आवारात सांचीच्या धर्तीवर बांधलेलं भारतीय मंदिर आहे, २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. आईंना तिथे नक्की आपलंसं वाटेल.

लोंगमनचा वैरोचन बुद्ध १७ मीटरहून उंच आहे, ६७५ मध्ये पुरा झाला. त्याच्यापर्यंत पायऱ्या आहेत. गुडघे ऐकत नसतील तर यी नदीच्या पलीकडच्या काठावरून बघा. तिथून पूर्ण मूर्ती एका नजरेत येते, आणि मला तरी तिथूनच ती अधिक भावली.

प्रतिसाद ३

थोडं व्यवहाराचं. पर्यटक व्हिसा भारतीयांना जुलै २०२५ पासून पुन्हा मिळू लागलाय. अलीपे हे पैसे देण्याचं ॲप निघायच्या आधीच फोनवर घेऊन आपलं कार्ड जोडा, रोख पैसे फारसे कुणी वापरत नाही. गूगलचे नकाशे तिथे भरवशाचे नाहीत, चिनी नकाशाचं ॲप घ्या. तिकिटांना पासपोर्ट लागतो, तो हॉटेलात ठेवून बाहेर पडू नका. तुमच्या तारखा चांगल्या आहेत, १ मेच्या सुट्टीत सगळीकडे तुडुंब गर्दी होते.

जेवणाचं म्हणाल तर "मांस, मासे, अंडी, चरबी नको" असं चिनीत लिहून तो कागद दाखवा. नुसतं भाजीचं मागितलं तरी वर खिमा येऊ शकतो. लिआंगपी म्हणून थंड शेवया मिळतात, तिखट-आंबट, त्या बहुतेक ठिकाणी शाकाहारी असतात. मंदिरांच्या आसपास भिक्खूंसारखं शाकाहारी जेवण देणारी हॉटेलं सापडतात, तिथे कांदा-लसूणही नसतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. प्रतिभाताईंचं ऐकल्यावर तिने लोयांगचा मुक्काम स्वतःच पक्का केला, आणि पॅगोडावर चढायचं नाही हेही एका झटक्यात मान्य केलं.

एवढंच अजून सांगा. शिंगच्याओहून परतताना तिथे टॅक्सी मिळते का, की नेणाऱ्यालाच दोन-तीन तास थांबवून ठेवावं? आणि समाधीवर वाहायला फुलं तिथे मिळतील, की शहरातूनच न्यावीत?

प्रतिसाद १

टॅक्सी थांबवूनच ठेवा, तिथे रस्त्यावर गाडी मिळेलच असं नाही. थांबण्याचे पैसे निघतानाच ठरवा, फोनवरच्या भाषांतराने सहज जमतं. फुलं शहरातून न्या.