सोरायसिससाठी (कातडीवर लाल, खवल्यांचे चट्टे येणारा आजार) मलम सोडून हळदीचा काढा?

वर मालवणच्या ताईंनी विचारलंय की मलम बंद करून नुसता हळदीचा काढा घेतला तर चालेल का, तर ताई प्लीज अचानक बंद नका करू, त्यात स्टिरॉइड असेल तर सोरायसिस परत जोरात उसळू शकतो. हळदीतलं कर्क्युमिन हे गुणकारी द्रव्य रक्तात फारच कमी जातं, बरंचसं आतड्यातच राहतं नि तिथले बॅक्टेरिया त्याचं रूपांतर करतात. कुळथाची पिठी, पालेभाज्या खा की, त्यातल्या फायबरपासून आतड्यातलेच काही बॅक्टेरिया ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, ते सूज आवरणाऱ्या पेशींना मदत करतं. पण कातडीच्या आजारांवर लावतात ते बावची या औषधी वनस्पतीचं तेल लावून आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हात अजिबात फिरू नका!! त्यातल्या सोरालेन या द्रव्यामुळे उन्हात कातडी भाजते, फोड येतात, मला खरी काळजी त्याचीच वाटते. आणि स्किनच्या डॉक्टरांना काढ्याचंही सांगा.