मदत हवी आहे: चतुरांचा आकडा वाढला म्हणजे तलाव सुधारला का?

नर्मदापाणी:

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय. सुदामानगर भागातले आम्ही काहीजण पावसाळ्यापासून एका लहान तलावावर चतुर (पाण्याकाठी उडणारे लांब शेपटीचे कीटक) आणि टाचण्या (त्यांचे बारीक, सडपातळ भाऊबंद) मोजतोय. तलावाचं नाव मुद्दाम देत नाही. सफाईवरून तिथलं वातावरण आधीच तापलंय आणि मला भांडण नको, उत्तर हवंय.

पद्धत साधी आहे. रविवारी दहाच्या सुमारास ऊन चांगलं वर आलं की काठाची ठरलेली वाट सावकाश चालायची. दोन्ही हातांना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्यात जे दिसेल तेच लिहायचं. ब्रिटनमध्ये 1976 पासून फुलपाखरं अशी मोजतात, तीच पद्धत उचलली. आभाळ भरलं किंवा वारा सुटला तर फेरी रद्द. पोहे-जलेबी रद्द होत नाही.

अडचण अशी. तलावाच्या एका बाजूचं पाणकणीस, म्हणजे काठच्या पाण्यात वाढणारं उंच गवत, मुळापासून काढलं गेलं. त्यानंतर आमचा एकूण आकडा वाढला! कॉलनीतले काका लोक म्हणतात, "बघा ताई, गवत काढलं तर तुमचे किडे वाढलेच की." आता यांना काय सांगू? 2017 पासून सफाईत पहिला नंबर घेणाऱ्या शहरात काठावर आपोआप उगवलेलं काहीही कचराच ठरतं.

पण मला दिसतंय ते वेगळं. वाढ आहे ती मुख्यतः पँटालाची, म्हणजे ते पिवळसर, डोक्यावर घिरट्या घालणारे, खाली न बसणारे थवे. शिवाय ब्रॅकिथेमिस नावाचे नारिंगी चतुर खूप. टाचण्या मात्र साफ केलेल्या बाजूला जवळजवळ नाहीतच. न कापलेल्या बाजूला परवा पिवळ्या टाचणीची जोडी बघितली: मादी पाण्यालगतच्या पानावर पोट वाकवून बसलेली आणि नर तिच्या मानेला शेपटीच्या टोकानं धरून, पाय सोडून, खिळ्यासारखा सरळ उभा. ती पोटाचं टोक पानात टोचत होती, थोडी खाली सरकत होती, परत टोचत होती. समोरच्या काठावर टोचायला पानच उरलेलं नाही.

तर थव्यातले चतुर मोजायचे कसे? आणि फरक कागदावर असा कसा मांडायचा की कीटकांशी देणंघेणं नसलेल्या माणसालाही पटेल? आमच्यात प्राणिशास्त्र शिकलेलं कोणी नाही. इथल्या सिरपूर तलावावर पक्षी मोजणारे ढिगानं भेटतात, कीटकवाला एकही नाही.

दगडीचतुर:

ताई, पहिलं काम म्हणजे एकूण बेरीज करणं बंद करा. त्या एका आकड्यानं तुमचाच घात होतोय.

पँटाला आपलाच आहे, परका नाही, पण तो तुमच्या तलावाचा असेलच असं नाही. हा मोसमी वाऱ्यांबरोबर फिरतो. मालदीवमध्ये गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, तरी ऑक्टोबरपासून तिथे हे लाखोंनी उतरतात आणि पुढे आफ्रिकेच्या दिशेनं जातात. 2009 मध्ये चार्ल्स अँडरसन यांनी ही वाट मांडली. अंडी घालायला त्याला पावसाचं डबकंही पुरतं, डबकं आटायच्या आत पिल्लं मोठी होऊन उडतात. म्हणून त्याचा आकडा पावसाबद्दल सांगतो, तुमच्या काठाबद्दल नाही. त्याला वेगळा रकाना द्या आणि नेमकं मोजत बसू नका: एकही नाही, थोडे, थवा, एवढंच लिहा.

ब्रॅकिथेमिस घाण पाण्यात निभावणारा गडी. तो वाढला म्हणून पेढे वाटायची गरज नाही.

उरलेल्यांचे दोन गट करा. पानात अंडी टोचणाऱ्या टाचण्या एकीकडे, पाण्यावर शेपटी आपटून अंडी सोडणारे चतुर दुसरीकडे. वनस्पती काढल्यावर पहिला गट पडतो, दुसरा बराचसा टिकतो. तुम्हाला डोळ्यांनी दिसलं तेच आकड्यात दिसेल. आणि कापलेला काठ, न कापलेला काठ यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. एकाच दिवशी, एकाच उन्हात केलेली तुलना कोणालाही खोडता येत नाही.

कातवेडी:

उडणाऱ्यांच्या जोडीला काती मोजा. पाहुणा चतुर कुठूनही येईल, कात मात्र तिथेच जन्मल्याची खूण.

पिल्लू पाण्यातून देठावर चढतं, पाठ उकलते, चतुर उडून जातो आणि रिकामं खोकं पायांनी देठाला पकडून तसंच राहतं. फाटलेल्या पाठीतून पांढरे दोरे लोंबताना दिसले की ओळखा. ते श्वासनळ्यांचं आतलं अस्तर. टाचणीची कात नखाएवढी, काडीसारखी. शेपटीला तीन पानांसारखे कल्ले असतात, पण बरेचदा ते तुटलेले असतात. चतुराची जाडजूड, टोकाला आखूड काटे. दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून सारख्याच लांबीचे पट्टे ठरवा, आठवड्याला तेवढ्यातल्याच काती गोळा करा, म्हणजे पुन्हा मोजल्या जाणार नाहीत. मोठा पाऊस झाला तर त्या वाहून जातात, त्या आठवड्याचा आकडा बाद धरा. काडेपेटीत कोरड्या ठेवल्या तर वर्षानुवर्षं टिकतात. चिमटीत जोरात धरू नका, चुरा होतो.

माळवी भिया:

शास्त्र झालं, आता व्यवहाराचं. "कापू नका" म्हणालात तर कोणी ऐकणार नाही, डासांचं कारण पुढे येईल. त्यापेक्षा "अर्धा काठ यंदा, अर्धा पुढच्या वर्षी" असं मागा. पाण्याखालचे देठ आणि मुळं राहू द्या म्हणा, पिल्लं तिथेच असतात. कापलेलं लगेच ट्रॉलीत न भरता दिवसभर पाण्याच्या कडेला पडू द्यायचं, म्हणजे अडकलेले जीव परत पाण्यात जातात. डासांवर उत्तर तयार ठेवा: चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात, मोठे चतुर हवेत डास खातात. गप्पी किंवा गॅम्बुसिया मासे सोडू म्हणाले तर सावध राहा. गॅम्बुसिया 1928 मध्ये भारतात आणला, तो डासांच्या अळीबरोबर टाचणीची बारकी पिल्लंही गिळतो.

आणि शहराचा मान वापरा ना! सिरपूर आणि यशवंतसागर हे तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत, 2025 मध्ये इंदूरला पाणथळ शहराचा दर्जा मिळाला. अर्जात पहिल्या ओळीत हेच लिहा.

नर्मदापाणी:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोन काठांची नोंद वेगळी करायचं ठरलं, काडेपेट्या जमवायला आईला सांगितलंय. अर्धा-अर्धा काठ ही गोष्ट काकांना पटेल असं वाटतंय, कारण त्यात खर्चही निम्मा.

कातवेडी, एक विचारायचं राहिलं. आमच्या काठावर बेशरमाची झुडपंही आहेत आणि काती त्यांच्यावरही दिसतात. खुंट्यांमधल्या पट्ट्यात ती येऊ द्यायची, की पट्टा फक्त पाणकणसाचाच ठेवायचा? कापलेल्या बाजूला बेशरम अजून उभं आहे, म्हणून विचारतेय.

कातवेडी:

येऊ द्या, पण कात कशावर मिळाली ते दर वेळी लिहा. बेशरमावर चढणारी पिल्लं कोणाची आहेत ते बघणं मजेचं ठरेल. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा आणि इथेच टाका, ओळखायला मदत करते.