हादगा, भोंडला, गुलाबाई: नक्की कधी आणि किती दिवस?

चाफेकळी
मंडळी, मदत हवीये. सोसायटीत यंदा भोंडला करायचं ठरलं आणि ग्रुपवर लगेच वाद सुरू. माझं माहेर कराडचं, तिकडे हादगा म्हणतात, भिंतीवर हत्तींचं चित्र लावून त्याला माळा घालतात आणि तो चांगला सोळा दिवस चालतो. पुण्याच्या मैत्रिणी म्हणतात छे, नवरात्रातच करायचा, पाटावर हत्ती काढून. जळगावची ताई म्हणते आमची गुलाबाई तर महिनाभर असते आणि हत्तीबित्ती काही नसतो. त्यात कोणीतरी 'पाच हजार वर्षांची परंपरा' असा फॉरवर्ड टाकलाय. मूळ काय आहे ह्याचं? लहान मुलींना खरं तेच सांगायचंय.

गोदाकाठ
तुम्ही सगळ्याच बरोबर आहात. हादगा सूर्यावर चालतो, म्हणजे सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सुरू होतो, आणि नवरात्रातला भोंडला तिथीवर, सगळा घोळ तिथेच आहे. सूर्य हस्त नक्षत्रात जातो साधारण २७ सप्टेंबरला, दरवर्षी एखाद्या दिवसाच्या फरकाने तेव्हाच, आणि तेरा-चौदा दिवस तिथे असतो. घटस्थापना मात्र मागेपुढे होते. २०२५ मध्ये ती २२ सप्टेंबरला होती म्हणजे हस्त लागायच्या आधीच, आणि २०२३ ला अधिक श्रावण आल्यामुळे १५ ऑक्टोबरला, तेव्हा हस्त संपूनही गेला होता. कधी दोन्ही जुळतात, कधी नाही.

आणि हत्ती म्हणजे ह्या हस्ताचाच, आमच्याकडे शेतकरी अजून 'हत्तीचा पाऊस' असंच म्हणतात. दुपारनंतर गडगडाट करत येतो आणि झोडपून जातो. सोलापूर, नगर, मराठवाडा ह्या भागात रब्बीची ज्वारी ह्याच ओलीवर पेरतात, त्यामुळे हा पाऊस चुकला तर पुढचं वर्ष जड जातं. तेव्हा हत्तीची पूजा करून त्याच्याभोवती फेर धरणं हे मला तरी सरळ पावसाचं आणि धान्याचं मागणं वाटतं. काही घरी पाटावरचा हत्ती धान्यानेच काढतात, तो मुलींना नक्की दाखवा.

वऱ्हाडची_लेक
जळगावच्या ताईंचं बरोबर आहे, आमच्या विदर्भात भुलाबाई आणि खान्देशात गुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला बसवतात आणि कोजागिरीपर्यंत ठेवतात. मातीच्या मूर्ती असतात, भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, बरेचदा मांडीवर बाळ गणपती. गोष्ट अशी सांगतात की सारीपाटात शंकर हरले आणि रुसून निघून गेले, मग पार्वती भिल्लिणीचं रूप घेऊन त्यांना परत आणायला गेली. मुली संध्याकाळी घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात. हत्ती नसला तरी ज्वारी आमच्याकडेही आहेच बघा! पार्वती माहेरी आलीये ह्या भावनेनेच सगळं करतात, त्यामुळे कृपा करून 'भोंडल्याचाच प्रकार' म्हणून एका ओळीत उरकू नका.

जात्यावरची_ओवी
त्या फॉरवर्डबद्दल लिहिते. पाच हजार वर्षं वगैरे सांगू नका मुलींना, त्याला काही आधार नाही. ही गाणी कोणी लिहून ठेवलीच नव्हती, आईकडून लेकीकडे आली, म्हणून तर गावागणिक शब्द बदलतात. सरोजिनी बाबरांसारख्यांनी गावोगावची लोकगीतं गोळा केली म्हणून त्यातलं बरंच काही छापून तरी राहिलं.

पण गाण्यांच्या आत जे आहे ते जरूर सांगा. आधी गणपतीला हात जोडायचे आणि मग सगळं सासर-माहेर, माहेरी जायचंय म्हणून सासूला विचारायचं, तिने सासऱ्यावर ढकलायचं, तिथून दीर, नणंद... आज आपण हसत म्हणतो, पण हे म्हणणाऱ्या मुली आठ-दहा वर्षांच्या असायच्या आणि त्यातल्या कितीतरींची लग्नं झालेली. बालविवाह रोखणारा शारदा कायदा आला १९२९ मध्ये, आणि त्यातसुद्धा मुलीचं वय चौदाच धरलं होतं. घरात तोंड उघडायची सोय नाही, तिथे अंगणात चार जणींचे हात धरून मोठ्याने सासूचं नाव घ्यायला मिळत होतं! मला ह्या खेळाचं सगळ्यात मोठं मोल हेच वाटतं, हत्तीपेक्षाही.

चाफेकळी
खूप खूप आभार सगळ्यांचे, हे सगळं ग्रुपवर टाकते. आता असं ठरवतोय की नवरात्रातला शनिवार घ्यायचा, मधे पाटावर हत्ती आणि शेजारी जळगावच्या ताईंची गुलाबाई. हादग्यात रोज एक गाणं आणि एक खिरापत वाढवत न्यायची असते पण एका दिवसात ते जमणार नाही, म्हणून प्रत्येक घरून एक डबा. खिरापत डबा न उघडता ओळखायची असते ना, तर अशी सुचवा की पटकन ओळखता येणार नाही.

वऱ्हाडची_लेक
डबा हलवून आवाज ऐकतात, त्यामुळे चकली, शंकरपाळे, भडंग लगेच पकडले जातात. वाटली डाळ किंवा साटोऱ्या गच्च भरा, जराही वाजत नाहीत. आणि 'गोड की तिखट' एवढंच सांगायचं, त्यापुढे कितीही विचारलं तरी गप्प बसायचं.