मदत हवी आहे: शांतता-करारांच्या कॉक्स मॉडेलमध्ये हॅझर्ड रेशो जवळपास शून्य

चौकस
शांतता-करार किती काळ टिकतो यावर कॉक्स मॉडेल (घटना घडायला किती वेळ लागतो ते अभ्यासणारं) चालवतेय. अंमलबजावणीची टक्केवारी (कराराच्या किती तरतुदी अमलात आल्या) घातली की हॅझर्ड रेशो, म्हणजे मोडण्याचा धोका किती पट होतो तो आकडा, जवळपास शून्य. हे खरं असूच शकत नाही. कोड चारदा तपासला. कृपया लवकर सांगा.

सांख्यिक
विदा कोणता? ‘मोडला’ कशाला म्हणताय? टक्केवारी ०–१ की ०–१००?

चौकस
०–१. क्रॉक संस्थेचं पीस ॲकॉर्ड्स मॅट्रिक्स (करारांच्या अंमलबजावणीचा विदा), ३४ करार, प्रत्येकाची एक ओळ. उप्साला विद्यापीठाच्या संघर्ष-विदामध्ये त्या देशात वर्षात लढाईतले २५ मृत्यू दिसले की मोडला.

आरपार
टक्केवारी कोणत्या वर्षाची?

चौकस
दहाव्या. आधी मोडला असेल तर तिथवरची.

सांख्यिक
घोळ तिथेच आहे. दुसऱ्या वर्षी मोडलेल्या कराराला ८० टक्के गाठायला वेळच मिळत नाही. टिकला म्हणून अंमल झाला, आणि मॉडेल ते उलटं वाचतंय. वर्षागणिक ओळी पाडा: सुरुवात, शेवट, मोडला का. अंमलबजावणी आदल्या वर्षाची घ्या. आर या सांख्यिकी भाषेतलं टीमर्ज हे फंक्शन हे करून देतं.

वारूळ
त्यापेक्षा एजंट-आधारित मॉडेल करा, म्हणजे प्रत्येक गटाचं वागणं संगणकावर चालवून पाहा. आधी शस्त्रं कोण टाकणार ही भीती, फुटून निघणारे गट, सगळं थेट मांडता येतं.

सांख्यिक
आणि पॅरामीटर कशावरून बसवणार? याच ३४ करारांवरून ना?

वारूळ
यंत्रणा कशी चालते ते तरी कळेल. रेशोतून ते कधीच कळत नाही.

मसुदा
करारांचे मूळ मसुदे एडिनबरा विद्यापीठाच्या पीए-एक्स या करार-संग्रहात १९९० पासूनचे आहेत.

चौकस
मसुदे नकोत.

आरपार
देशाचे मृत्यू मोजू नका, सही करणाऱ्या जोडीचे मोजा. फिलिपिन्सचा १९९६चा करार एमएनएलएफ या बंडखोर गटाशी होता. एमआयएलएफ आणि एनपीए हे दुसरे गट लढतच राहिले. वार्षिक आकडेही फसवतात. सिएरा लिओनचा लोमे करार ७ जुलै १९९९चा, राजधानी फ्रीटाउनवरचा हल्ला त्याच वर्षाच्या जानेवारीतला. वर्ष धरलंत तर सहीआधीचे मृत्यू करारावर पडतात. जीईडी या उप्सालाच्याच घटनावार विदामधल्या घटना तारखेनिशी घ्या. तारखेच्या अचूकतेचा कोड ५ म्हणजे फक्त वर्ष माहीत, त्या बाजूला काढा. सिएरा लिओनचे अबिजान आणि लोमे असे दोन करार आहेत, म्हणून देशावर क्लस्टर लावा, म्हणजे एकाच देशाचे करार स्वतंत्र धरले जाणार नाहीत.

चौकस
ओळी पाडल्या, जोडी धरली. रेशो वर आला, पण विश्वास-अंतराल (खरा रेशो ज्या पट्ट्यात असावा तो) १ ओलांडतोय, म्हणजे परिणाम आहे की नाही ते ठरत नाही. आता?

सांख्यिक
मोडलेले किती उरले? दहा-बाराच असतील तर एक-दोन चलांवर थांबा, फर्थ दंड (कमी घटनांमुळे आकडे टोकाला जाण्यापासून आवरणारी दुरुस्ती) लावा. अंतराल रुंदच राहील. तो तसाच छापा.